घडाघडा वाचतो पण गोष्ट कळत नाही

प्रश्न : मॅडम नमस्कार. माझा मुलगा तिसरीत आहे, वाचन एकदम घडाघडा, कुठं अडखळत नाही, पण काय वाचलं विचारलं की गप्प बसतो नाहीतर शेवटची ओळ म्हणून दाखवतो. परवा एक गोष्ट वाचली, पोरीचा कोळी बाप होडी घेऊन समुद्रात गेलेला, वादळ सुटतं आणि पोरगी रात्रभर दारात बसून राहते. मी विचारलं तर म्हणे "वादळ आलं". त्याने समुद्र बघितला नाही म्हणून मोबाईलवर व्हिडिओपण दाखवला, तरी तेच. काय करू?
— एक आई, चोपडा तालुका

उत्तर : ताई, व्हिडिओ दाखवला ते चांगलंच केलं, पण त्याने त्याला पाणी दिसलं, त्या पोरीची रात्र नाही दिसली. आणि तशी रात्र तुमच्या घरात झालेली असणार बघा. मे-जूनमध्ये वारावादळ सुटतं, केळीचे निसवलेले, म्हणजे घड बाहेर पडलेले, बाग आडवे होतात, लाईट जाते, बाप मळ्यात अडकलेला आणि फोन लागत नाही. आपल्या जळगावच्या चोपडा-यावल-रावेर पट्ट्यात ही रात्र कुठल्या पोराला सांगावी लागते?

माझ्या वर्गात अशीच गोष्ट घेतली होती तेव्हा वाचायच्या आधी मी एवढंच विचारलं की वादळात घरचं कोणी बाहेर राहिलं होतं का, मग दहा मिनिटं पोरं बोलतच राहिली, आणि वाचून झाल्यावर एरवी तोंड न उघडणारा एक मुलगा म्हणाला, "बाप घर नही उना तवर तिनी माय बी जेवनी नही व्हई." म्हणजे बाप घरी येईपर्यंत तिची आईपण जेवली नसेल. गोष्टीत आईच्या जेवणाचं एक अक्षर नव्हतं हो! ते त्याने त्याच्या घरातून आणलं. म्हणून सांगते, घरी अहिराणी बोलत असाल तर गोष्ट अहिराणीतच सांगू द्या, "नीट मराठीत बोल" म्हटलं की पोरगं शब्द शोधत बसतं आणि मनातलं राहूनच जातं.

1988 साली अमेरिकेत दोन संशोधक बाईंनी सातवी-आठवीच्या 64 मुलांना बेसबॉलच्या मॅचचा उतारा दिला होता, तर वाचनात कच्च्या पण बेसबॉल माहीत असलेल्या मुलांना, वाचनात पक्क्या पण खेळ माहीत नसलेल्यांपेक्षा तो जास्त समजला, जास्त लक्षात राहिला. आपल्याकडे क्रिकेटचं धरा, तसंच होईल. म्हणजे तुमचा मुलगा कच्चा आहे असं अजिबात मनात आणू नका.

एक मात्र सांभाळा. पोरं जोडतात पण कशालाही जोडतात, गोष्टीत कंदील आला की "आमच्याकडे पण बॅटरी आहे" आणि तिथून गाडी जी निघते ती मामाच्या गावाला पोचते. रागवू नका, बोलू द्या, फक्त परत गोष्टीवर आणा : मग ही पोरगी सारखी दारात का जाते रे? आणि जिथं जुळत नाही तिथं तर मुद्दाम थांबा. मळ्यातला बाप झोपडीत शिरेल, रस्त्याला लागेल, होडीतला कुठं जाईल? हे त्याचं त्याला सुचलं ना, की समुद्र काय असतो ते व्हिडिओपेक्षा जास्त कळेल. दर पानाला प्रश्न नको हां, त्याची परीक्षा होते, पूर्ण गोष्टीत एक-दोन पुष्कळ.

आज जेवताना त्याच्या बाबांना सांगा, बाग पडली त्या रात्रीचं सगळं सांगायला, कुठं थांबले, भीती वाटली का, घरी यायला किती वाजले. तुम्ही इकडे काय करत होतात तेही सांगा. मग उद्या तीच गोष्ट परत त्याच्या हातात द्या.