नॅनोकणांवर काम करायचंय, पण पुढे काय?

ताई, नमस्कार.

तुमची लेक टी.वाय.बी.एस्सी.ला आहे, फिजिक्स घेऊन. सुट्टीत पाषाणच्या एका प्रयोगशाळेत महिनाभर जाऊन आली आणि आता म्हणते, 'कोअर-शेल' म्हणजे आत गाभा आणि वर कवच असलेल्या चुंबकीय नॅनोकणांवरच काम करायचं. तिच्या बाबांचं म्हणणं, यात पोट भरणार नाही, सरळ हिंजवडीची, आयटीची वाट धर. कोणाचं ऐकायचं, असं तुम्ही विचारलंय.

लेकीचं ऐका. मात्र 'नॅनो' या नावाला भुलून नको, तिथे काय शिकायला मिळतं ते पाहून.

लोखंडाचा दहा-वीस नॅनोमीटरचा कण हवेत उघडा पडला तर गंजतो, कोरडी पूड असेल तर पेटही घेते. म्हणून त्यावर सिलिकाचं, सोन्याचं किंवा लोखंडाच्याच ऑक्साइडचं कवच चढवतात. खरी कसोटी इथे लागते. शुद्ध लोखंडाचं संपृक्त चुंबकन, म्हणजे त्यात येऊ शकणारं जास्तीत जास्त चुंबकत्व, ग्रॅममागे सुमारे २१८ ईएमयू (चुंबकत्वाचं एकक), तर मॅग्नेटाइट या लोखंडाच्या ऑक्साइडचं जेमतेम ९२. कवच जाड झालं की कण टिकतो पण चुंबकत्व घटतं, पातळ राहिलं तर हवा आत शिरते. शिवाय कवच म्हणजे नुसतं झाकण नव्हे. १९५६ मध्ये माइकलजॉन आणि बीन या शास्त्रज्ञांनी कोबाल्ट ऑक्साइडचं कवच असलेले कोबाल्टचे कण चुंबकीय क्षेत्रात थंड केले, तेव्हा त्यांचा हिस्टेरेसिस लूप (क्षेत्र वाढवत-घटवत चुंबकत्व मोजल्यावर मिळणारा बंद आलेख) चक्क एका बाजूला सरकलेला निघाला. हाच परिणाम पुढे हार्ड डिस्कवरची माहिती वाचणाऱ्या रीड हेडमध्ये वापरला गेला. किती सुंदर विषय आहे हा!

आता तिला एवढंच विचारा: प्रयोगशाळेत बनवलेली लोखंडाची पूड काळीभोर निघाली होती की तपकिरी, म्हणजे गंजलेली? तपकिरी निघाली तेव्हा तू काय केलंस? कंटाळून सोडून दिलं असेल तर आपण वेगळा विचार करू. हवा दूर ठेवणाऱ्या आर्गॉन वायूची नळी कुठे गळतेय ते शोधत बसली असेल, तर ती या कामाचीच आहे.

बाबांची काळजी रास्त आहे. पीएच.डी.ला पाच-सहा वर्षं जातात. पण नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये मिळतात, नंतर ४२,०००. आणि एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिकरचना तपासणारं यंत्र), टीईएम (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक), व्हीएसएम (चुंबकत्व मोजणारं यंत्र) हाताळून त्यांचे आलेख वाचता आले, तर ते कौशल्य एका विषयापुरतं राहत नाही. चुंबक, सेन्सर, मोटारींचं साहित्य तपासणाऱ्यांनाही ते लागतं. त्यामुळे एम.एस्सी.चा प्रोजेक्ट निवडताना तिने गाईडना आधी विचारावं, व्हीएसएमवर स्वतः बसायला मिळेल का? नमुना पाठवून नुसता आलेख हाती येत असेल, तर तो प्रोजेक्ट घेऊ नये.

घराला दोन वर्षांत तिच्या पगाराची गरज असेल, तर तेही तिला आत्ताच मोकळेपणी सांगा. लपवू नका.

एम.एस्सी.च्या प्रवेशाची जॅम ही परीक्षा फेब्रुवारीत होते, अर्ज सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच भरावा लागतो. तिच्या गणिताबद्दल पत्रात काही नाही. तेवढं कळवा, म्हणजे आपलं विद्यापीठ की आयसर ही केंद्राची विज्ञान संस्था, यावर नेमकं बोलता येईल.