नेत्रदान केलं तर पुढच्या जन्मी अंधत्व येतं का?

हा प्रश्न समुपदेशनात वारंवार येतो. विचारणारे बहुतेकदा दाते नसतात, त्यांची मुलं असतात.

एका ताईंच्या आईंनी नेत्रदानाचा अर्ज भरला होता. आई अंथरुणाला खिळलेल्या, आणि मावशींनी बजावलेलं, "सही केलीस तर ती पुढच्या जन्मी आंधळी जन्मेल." अर्ज असला तरी मृत्यूनंतर जवळच्या नातलगांची संमती लागते. त्यामुळे सगळा भार ताईंवर.

मी ताईंना विचारलं, "आईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय ना? मूळचं भिंग कुठं गेलं?"

"काढून टाकलं. कृत्रिम बसवलंय."

"ते पुढच्या जन्मी जाईल?"

"छे, ते इथंच जळणार." मग सावकाश म्हणाल्या, "डोळासुद्धा जळतोच की."

इथं मी वेदान्ताकडे वळले. दिसतो तो डोळा म्हणजे गोलक, स्थूलदेहाचा भाग. पाहण्याची शक्ती हे चक्षुरिंद्रिय, ते सूक्ष्मदेहाचं. पाच ज्ञानेंद्रियं, पाच कर्मेंद्रियं, पाच प्राण, मन आणि बुद्धी अशा 17 घटकांचा हा सूक्ष्मदेह जीवाबरोबर पुढं जातो. गीतेच्या 15व्या अध्यायात म्हटलंय, वारा फुलांतून गंध नेतो तसा जीव इंद्रियं घेऊन जातो. आत्मा तर या दोन्ही देहांचा साक्षी. त्याला काहीच वजा होत नाही. नेत्रपेढी घेते ते गोलकातलं.

"म्हणजे आईची दृष्टी कुणी काढून घेऊच शकत नाही?"

हा निष्कर्ष ताईंनी स्वतः काढला, आणि मला त्याचंच मोल वाटतं. श्रद्धेतून आलेल्या भीतीला 'अंधश्रद्धा' म्हणून झिडकारलं की माणूस बोलायचा थांबतो, भीती तशीच राहते. तिला श्रद्धेच्याच भाषेत उत्तर द्यावं लागतं.

पुढचं काम व्यवहाराचं. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत नेत्रपेढीला बोलवावं. पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवावा, डोक्याखाली उशी द्यावी, पंखा बंद करावा; वाऱ्यानं बुबुळ सुकतं. डॉक्टरांचं मृत्यूचं प्रमाणपत्र हाताशी असावं. चष्मा, मधुमेह, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया सहसा आड येत नाही. एचआयव्ही, कावीळ ब किंवा क, रेबीज असेल तर डोळे घेत नाहीत. काम साधारण अर्ध्या तासात होतं, चेहरा विद्रूप होत नाही, अंत्यविधी नेहमीसारखे करता येतात.

घोळ होतो तो बहुधा घरातच. विषय त्याच दिवशी निघतो आणि वादात सहा तास उलटतात. मावशींशी आधी बोलून घ्यावं, आईंच्या देखत.