शेव चालेल, छत्री नको

प्रश्न : डिसेंबरात पॅटागोनियाला, म्हणजे अर्जेंटिना-चिलीच्या दक्षिण टोकाला जातोय. आम्ही शाकाहारी. शेव, तुपातले लाडू न्यावेत का? सत्तरीच्या आईला हिमनदी झेपेल? — एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : शेव खुशाल न्या, लाडू अर्जेंटिनातच फस्त करा. चिलीच्या सीमेवर खाण्याचं सगळं फॉर्मवर लिहावं लागतं. ताजी फळं, मध काढून घेतात, लपवलं तर दंड.

आईंची काळजी नको. अर्जेंटिनातल्या एल कालाफाते गावाहून पेरितो मोरेनो हिमनदी ८० किलोमीटर, थेट बस. समोरच पायवाटा आणि कठडे. बर्फाची भिंत पाण्यावर सुमारे ६० मीटर. वारा मात्र माणसाला ढकलतो, म्हणून छत्री नको, टोपीला नाडी हवीच. मेंढपाळांच्या एस्तान्सियात (मोठ्या कुरणवाडीत) राहणार असाल तर शाकाहाराचं आधीच कळवा, नाहीतर ताटात कोकरू ठरलेलं! रात्री दहापर्यंत उजेड असतो, जेवायला घाई करू नका.