मामा तलावाची वाट कुंपणात गेली, विधानसभेत प्रश्न लावून काही होईल का?

प्रश्न: नमस्कार, मी भंडारा जिल्ह्यातून लिहितोय. गावच्या मामा तलावाकडे (माजी मालगुजारी तलाव) जाणारी जुनी पांदण मागच्या उन्हाळ्यात एकाने तारेचं कंपाउंड टाकून बंद केली, ढोरं पाण्यावर न्यायची तर आता मोठा फेरा पडतो. विचारलं तर म्हणतो तलावाचा ठेका आमच्याकडे आहे. तलाठी, तहसील सगळीकडे अर्ज देऊन झाले. आता लोक म्हणतात आमदारांकडून विधानसभेत प्रश्न लावा. खरंच काही होतं का त्यानं?

उत्तर: होतं, पण कागद हातात नसताना गेलात तर काहीच होत नाही. मालगुजारी, म्हणजे जुनी गावचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांची पद्धत, गेली तेव्हा हे तलाव सरकारकडे आले, आणि महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 चं कलम 20 सांगतं की सार्वजनिक रस्ते, नद्या, नाले, तलाव, ज्यावर दुसऱ्या कुणाची मालकी नाही ते सरकारचे. मासेमारीचा ठेका म्हणजे मासे धरायचा हक्क, पाळ (तलावाचा बांध) आणि पांदण काही त्यात येत नाही, तरी करारनाम्याची प्रत माहिती अधिकारात मागवाच, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. सोबत गावचं निस्तारपत्रक काढा. विदर्भात हा कागद सोन्यासारखा आहे आणि लोक तो बघतच नाहीत! गावकऱ्यांनी सरकारी पडीक जमीन कशासाठी वापरायची, ढोरं कुठे चारायची, हे त्यात लिहिलेलं असतं (कलम 161).

आता विधानसभा. तारांकित प्रश्नाची (ज्याचं मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात) भाषा ठरलेली, ‘हे खरे आहे काय, असल्यास शासनाने कोणती कार्यवाही केली’. प्रश्न मोघम असला की खात्याकडून ‘हे खरे नाही’ येतं आणि पुढच्या सगळ्या भागांना ‘प्रश्न उद्भवत नाही’, झालं, संपलं. म्हणून आमदारांना नुसतं निवेदन देऊन फोटो काढू नका, गट नंबर, निस्तारपत्रकाची प्रत, तहसीलला दिलेल्या अर्जांच्या पोच तारखा असं सगळं द्या आणि तलाव जिल्हा परिषदेकडे आहे की जलसंपदाकडे तेही आधी शोधा, नाहीतर एक खातं दुसऱ्याकडे बोट दाखवून मोकळं होतं.

माझ्या मते खरी कमाई उत्तरात नाही, आश्वासनात आहे. मंत्री सभागृहात ‘अतिक्रमण काढू’, ‘चौकशी करू’ म्हणाले की ते आश्वासन म्हणून नोंदवलं जातं, 90 दिवसांत पूर्ण करायचं असतं, आणि नाही केलं तर आश्वासन समिती खात्याच्या अधिकाऱ्यांना बोलावून विचारते. तिथे दिरंगाई होते हे खरंय, पण फाईल मरत नाही. दुसरा रस्ता विनंती अर्ज समितीचा, गावकऱ्यांच्या सह्यांचा अर्ज आमदारांमार्फत सभागृहात जातो.

एक निकाल जोडा, जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य, 28 जानेवारी 2011. ती गावच्या तळ्यावरच्या अतिक्रमणाचीच केस होती, सुप्रीम कोर्टाने सगळ्या राज्यांना अशी अतिक्रमणं काढायला सांगितलं आणि त्याच वर्षी जुलैत आपल्या सरकारनेही जीआर काढला. जमीन महसूल संहितेच्या कलम 50 खाली (सरकारी जमिनीवरचं अतिक्रमण काढायचं कलम) जिल्हाधिकाऱ्यांनाही वेगळा अर्ज टाका, अधिवेशनाची वाट बघत बसू नका.

आणि हो, हिवाळी अधिवेशन नागपुरातच असतं, पण प्रश्नांची सूचना बरीच आधी द्यावी लागते, डिसेंबरात धावपळ करून उपयोग नाही. दिवाळीच्या आधीच आमदारांच्या पीएला गाठा.