हाजार इम इतकं का झिजलंय, आणि माल्टात आधी काय बघावं?

तुमचा प्रश्न असा: माल्टाच्या दक्षिण किनाऱ्यावर हाजार इम आणि इम्नायद्रा ही प्रागैतिहासिक दगडी मंदिरं जेमतेम अर्ध्या किलोमीटरवर आहेत. मग एकाचे दगड खाल्ल्यासारखे आणि दुसऱ्याचे बऱ्यापैकी शाबूत कसे?

फरक दगडाच्या जातीचा आहे. बेटावर मुख्यतः दोन चुनखडक आहेत. मधाळ रंगाचा, मऊ ग्लोबिजेरिना. आणि राखाडी, खडबडीत, कठीण कोरलाइन. हाजार इम जवळपास सगळंच ग्लोबिजेरिनाचं. तासायला सोपा, म्हणून तिथे सुमारे 20 टनांची शिळासुद्धा नीट बसवता आली. पण समुद्राची खारी हवा याच दगडाच्या छिद्रांत शिरते. ओलं होणं, वाळणं हे चक्र चालू राहतं आणि प्रत्येक वेळी मिठाचे स्फटिक आतून रेटा देतात. वर टणक पापुद्रा धरतो, मागे दगडाची भुकटी होते, आणि एक दिवस पापुद्रा गळून पडतो. इम्नायद्रात बाहेरची भिंत कोरलाइनची, कोरीव काम आतल्या ग्लोबिजेरिनावर. बांधणाऱ्यांनी दोन्ही दगड ओळखून वापरलेत! शेजारच्या गोझो बेटावरच्या जगंतीया मंदिरातही हीच युक्ती दिसते. 2009 पासून हाजार इम आणि इम्नायद्रा या दोन्ही मंदिरांवर तंबूचं छत आहे. फोटोत ते खटकतं, तरी ऊन-पावसाचा मारा तेच कमी करतं, म्हणून मला ते योग्य वाटतं.

बघण्याचा क्रम सांगतो. आधी राजधानी वालेटाचं पुरातत्त्व संग्रहालय. तार्शीन या आणखी एका मंदिरस्थळाच्या मूळ सर्पिल नक्षीच्या शिळा तिथे आहेत, जागेवर प्रतिकृती; हे माहीत नसलं की तार्शीनला जाऊन हिरमोड होतो. मग हाजार इम, आणि तिथून उतारावरून चालत इम्नायद्रा. वाटेत सावली नाही, टोपी आणि पाणी घ्या. विषुवदिनी सूर्योदयाचे किरण इम्नायद्राच्या दक्षिण मंदिराच्या दारातून थेट मधल्या वाटेवर येतात. त्या पहाटेच्या भेटीला जागा थोड्या असतात, आधी ठरवावी लागते.

हाल साफ्लिएनीचं भूमिगत दफनस्थान मात्र सगळ्यात आधी आरक्षित करा, विमानाच्या तिकिटाच्याही आधी. एका फेरीत फक्त 10 जण सोडतात, कारण माणसांच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि दमटपणा छतावरच्या गेरूच्या चित्रांना मारक ठरतो. याच काळजीपोटी 1990च्या दशकात ते अनेक वर्षं बंद होतं. आत कॅमेरा चालत नाही.