तराजूला बर्फ कळतो का?

प्रश्न : ताई, ग्रीनलंडचा बर्फ किती घटला हे उपग्रह ‘वजन करून’ सांगतात, असं वाचलं. पण बर्फ गेला की खालची जमीन वर येते म्हणे. मग मोजणी फसत नाही का?
– बारावीचा विद्यार्थी, संगमनेर

उत्तर : जमिनीचा हिशेब वेगळा काढला नाही, तर फसतेच. नेमक्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवलंस बघ.

आधी तराजू समजून घे. 2002 ते 2017 या काळात ‘ग्रेस’ या गुरुत्व मोजणाऱ्या मोहिमेचे दोन उपग्रह एकामागे एक, साधारण 220 किलोमीटर अंतर राखून फिरत होते, 2018 पासून ते काम त्यांचीच पुढची जोडी करते आहे. खाली वस्तुमान जास्त असलं की पुढचा आधी ओढला जातो, मग मागचा. दोघांमधलं अंतर केसाच्या जाडीहूनही कमी बदललं तरी पकडलं जातं. त्यातून कळलं, की ग्रीनलंड वर्षाला सरासरी 270 अब्ज टनांच्या आसपास बर्फ गमावतंय. असे 360 अब्ज टन समुद्रात गेले, की जगभर पाणी 1 मिलिमीटर चढतं.

पण या तराजूला बर्फ आणि खडक सारखेच. मळून ठेवलेल्या कणकेत बोट रुतवून काढ. खळगा सावकाश भरून येतो. हिमयुगाच्या बर्फाखाली दबलेली जमीन अजून तशीच वर येतेय, आणि खालून खडक सरकून तिथे जमतोय. खडक बर्फाच्या साडेतीन पट जड. म्हणजे जमीन 1 मिलिमीटर उचलली गेली, तर साडेतीन मिलिमीटर बर्फाची घट झाकली जाते!

माझी सगळी नोकरी सर्वेक्षणात गेली. बेंचमार्क, म्हणजे उंची मोजण्यासाठीची पक्की खूण, हलत नाही, हे धरूनच आम्ही लेव्हल लावायचो. निवृत्तीनंतर मुलीकडे स्वीडनला गेले, तेव्हा बोथनियाच्या आखाताकाठी होड्यांच्या जुन्या खोपी पाहिल्या. पाण्यापासून लांब, दाराशी गवत वाढलेलं. तिथे जमीन वर्षाला 8-9 मिलिमीटर उठते. मी कितीतरी वेळ तिथून हलले नाही. सेल्सिअसने (हो, तापमापकवालाच) 1731 मध्ये त्या किनाऱ्याजवळच्या लोव्हग्रुंड बेटावर, खडकात पाण्याच्या पातळीची खूण कोरवली होती. त्याला वाटलं, समुद्र आटतोय. उठत होता तो खडक.

आता दोन्ही वेगळं कसं करायचं? ग्रीनलंडच्या कडेला उघड्या खडकात जीपीएसचे खांब पक्के रोवले आहेत. ते जमिनीची उचल थेट सांगतात. शिवाय ‘आइससॅट-2’ हा उपग्रह लेझरने बर्फाची उंची मोजतो. बर्फ काही ठिकाणी वर्षाला मीटरभर खचतो, त्यापुढे जमिनीचे मिलिमीटर किरकोळ. दोन्ही मोजण्या शेजारी ठेवल्या, की खडकाचा वाटा सुटा होतो.

अंटार्क्टिकाचं मात्र अवघड आहे. आतल्या भागात खांब रोवायला उघडा खडकच फारसा नाही, म्हणून तिथली उचल बरीचशी गणितानेच ठरवावी लागते. आणि जिथे खांब उभे राहिले, त्या अमुंडसेन समुद्राच्या काठी वर्षाला 41 मिलिमीटरपर्यंत उचल निघाली. गणिताने धरली होती त्याच्या कितीतरी पट! साहजिकच, तिथला बर्फ आधी ठरवला होता त्याहून जास्त घटतोय, असा हिशेब पुन्हा मांडावा लागला.