सरासरी काढली, आता सोमवारी शिकवू काय?

प्रश्न: मी दिंडोरी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावीला गणित शिकवते. पट 38. घटक चाचणी घेतली, 20 प्रश्न, सगळे चार पर्यायांचे. गूगल शीटमध्ये प्रत्येकाचे एकूण मार्क टाकले, सरासरी काढली ती 12.2 आली, नंबर लावले, आठच्या खालचे लाल केले. दिसायला एकदम भारी. केंद्रप्रमुख सर आले, त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "छान आहे मॅडम, मग सोमवारी काय शिकवणार?" मला काही सांगताच येईना. शीट चुकलंय का माझं?

उत्तर: शीट चुकलं नाही ताई, पण त्यात टाकायला हवं होतं ते टाकलंच नाही. एका पोराला 12 पडले कारण त्याला दशांश जमत नाही, दुसऱ्याला 12 पडले कारण भूमितीचं नाव काढलं की त्याच्या पोटात गोळा येतो, आणि तुमच्या शीटमध्ये दोघं शेजारी शेजारी, एकसारखे. बेरीज केली की नेमकं आपल्याला जे हवं असतं तेच गायब होतं. मी पण कितीतरी वर्षं हेच केलंय, तेव्हा ओशाळू नका.

पेपर अजून टाकले नसतील तर परत काढा. आता प्रत्येक मुलाची एक आडवी ओळ आणि प्रत्येक प्रश्नाचा एक उभा कॉलम करा, आणि बरोबर-चूक लिहूच नका, मुलाने कुठला पर्याय निवडला तो लिहा. अ ब क ड टाइप करायला कीबोर्ड बदलत बसावं लागतं म्हणून 1, 2, 3, 4 टाका, प्रश्न सोडलाच नसेल तर 9, आणि मूल गैरहजर असेल तर ओळ रिकामी. 38 गुणिले 20 म्हणजे 760 घरं, एकटीने भरलं तर जीव जातो, घरातल्या कुणाला तरी वाचायला बसवा आणि तुम्ही फक्त आकडे मारा, चहा गार व्हायच्या आत नाही पण स्वयंपाकाच्या आधी नक्की होतं.

मग खाली दुसरा टॅब. त्यात वरच्या ओळीत बरोबर उत्तरं लिहा आणि इफ फॉर्म्युला लावा: पहिल्या टॅबमधलं घर रिकामं असेल तर रिकामंच, उत्तराशी जुळलं तर 1, नाहीतर 0. उत्तराच्या ओळीला डॉलरचं चिन्ह लावायला विसरू नका, नाहीतर फॉर्म्युला खाली ओढला की उत्तरंपण खाली सरकतात आणि सगळा वर्ग नापास दिसतो, माझा एकदा दिसलाय. आता प्रत्येक कॉलमची ॲव्हरेज काढून वर टक्क्यांचं बटण दाबलं की तो प्रश्न किती मुलांना आला ते समोर. गैरहजर पोरं रिकामी असल्यामुळे ॲव्हरेज त्यांना धरतच नाही, तिथे शून्य टाकलं असतं तर धरलं असतं, हा फरक लक्षात ठेवा.

खरी मजा मात्र पहिल्या टॅबमध्ये आहे. प्रत्येक प्रश्नाखाली काउंटइफ लावून 1, 2, 3, 4 आणि 9 किती वेळा आले ते मोजा. माझ्या सहावीच्या एका चाचणीचं सांगते. 36 मुलं हजर. सातवा प्रश्न: सगळ्यात मोठी संख्या कोणती, 0.4, 0.125, 0.5 की 0.35? बरोबर आले 11. अकरावा प्रश्न परिमितीचा, बरोबर आले 12. नुसते टक्के बघितले तर दोन्हीकडे तीसच्या आसपास, म्हणजे दोन्ही सारखेच वाईट. पण परिमितीची 24 चुकीची उत्तरं उरलेल्या तीन पर्यायांत 9, 8, 7 अशी पांगलेली, म्हणजे पोरांनी डोळे मिटून गोल केलेत. आणि सातव्यात 25 चुकांपैकी 21 जण एकाच पर्यायावर, 0.125! हे अंदाजाने होत नाही. त्या 21 जणांच्या डोक्यात एक पक्का नियम बसलाय, की 125 हे 35 पेक्षा आणि 5 पेक्षा मोठं, म्हणून 0.125 मोठं. पूर्ण संख्यांना तो नियम बरोबरच होता की, आपणच शिकवला होता!

आता दोन्हीची औषधं वेगळी. परिमिती मी स्नेहसंमेलनाच्या आठवड्यात उरकली होती, ती माझी चूक, ती पहिल्यापासून परत शिकवली, दोरी घेऊन मैदानात. दशांशाला परत तेच शिकवून काही होत नाही कारण पोरांना वाटतं आपल्याला येतंय. तिथे मी बाजार आणला वर्गात. 0.5 किलो कांदे म्हणजे अर्धा किलो, 0.125 किलो म्हणजे अदपाव. आधी पैशांनी समजवायला गेले होते तर आजकालच्या पोरांनी पैसे बघितलेतच कुठे, पन्नास पैसे म्हटल्यावर नुसती तोंडाकडे बघत बसली. पण अदपाव म्हटल्यावर एक मुलगी, जिची आई भाजीची गाडी लावते, ताडकन म्हणाली, "मॅडम, अदपाव तर मिरच्या देतात!" आणि मग तिनेच काट्यावर 0.500 कसं दिसतं ते फळ्यावर काढून दाखवलं.

फक्त इथे एक मेख आहे. 0.500 आणि 0.125 अशी शून्यं जोडून दिली की मुलं 500 आणि 125 बघतात, उत्तर बरोबर येतं आणि जुना नियम आत तसाच शाबूत राहतो. म्हणून आठवड्याने तीनच प्रश्नांची चाचणी घ्या आणि त्यात एक असा टाका: 0.3 आणि 0.30 मध्ये मोठं कोण की दोन्ही सारखे? ज्याच्या डोक्यातून नियम गेलेला नाही तो 0.30 म्हणणार. ही तीन उत्तरं त्याच शीटमध्ये पुढच्या कॉलमला भरा.

आणि ओळी आडव्यापण वाचा. माझ्या एका मुलाचे पहिले 13 प्रश्न जवळपास सगळे बरोबर आणि चौदाव्यापासून विसाव्यापर्यंत सरळ 9. एकूण मार्क 11, म्हणजे तुमच्या पद्धतीने सरासरीच्या खाली, "कच्चा". त्याचं गणित उत्तम आहे हो, त्याला वाचायला वेळ लागतो. त्याच्यासाठी मला मराठीच्या मॅडमशी बोलावं लागलं. सोमवारी काय शिकवणार याचं उत्तर असं कॉलमगणिक आणि पोरागणिक मिळतं. आणि जो प्रश्न 33 जणांना आलाय त्याची उजळणी घेऊ नका, वेळ जातो आणि पोरं कंटाळतात.

प्रश्न: माझ्याकडे लॅपटॉप नाही, मोबाईलवरच भरतो. मार्क 8/10 असे टाकले तर सरासरी पंचेचाळीस हजारांच्या पुढे येते! काय भानगड आहे? एक सर, सिन्नर.

उत्तर: सर, एक्सेलला ते दहापैकी आठ कळतच नाही, ते म्हणतं 8 ऑक्टोबर. आणि तारीख आतून एक मोठा आकडा असतो, 8 ऑक्टोबर 2025 म्हणजे 45938, त्याची सरासरी काढल्यावर हेच होणार. नुसतं 8 टाका, "10 पैकी" हे कॉलमच्या डोक्यावर एकदाच लिहा. घर आधीच तारीख झालं असेल तर त्याचा फॉरमॅट नंबर करून मार्क परत टाका. अजून एक, आकडा घरात डावीकडे चिकटलेला दिसला तर बहुतेक वेळा तो आकडा नाही, मजकूर आहे, तो सरासरीत मोजला जाणार नाही. मोबाईलवर भरायला काही हरकत नाही, फक्त पहिली ओळ आणि नावांचा कॉलम फ्रीझ करा, म्हणजे सरकवलं तरी ते जागेवर दिसतात, नाहीतर पंचविसाव्या मुलाचे मार्क सव्विसाव्याला जातात.

प्रश्न: आमचा कॉलेज रोडला क्लास आहे. दर रविवारच्या टेस्टनंतर आम्ही नंबरासकट, लाल-हिरवं रंगवलेलं पूर्ण शीट पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो. पालकांना आवडतं. याहून चांगलं काही सुचवाल?

उत्तर: टाकू नका. पालकांना आवडतं म्हणजे हिरव्या पोरांच्या पालकांना आवडतं, लालवाले ग्रुपवर गप्प असतात एवढंच. आणि आठवीतल्या पोराला आपलं नाव शेवटून तिसरं आहे हे शेजारच्या काकूंकडून कळण्यात शिक्षण कुठे आलं? प्रत्येकाला त्याच्याच पोराची ओळ पाठवा, मार्कांच्या जोडीला "टक्केवारीत नफा-तोटा उलटा लावतो" असं एक वाक्य लिहून. गूगल शीट असेल तर शेअरमध्ये लिंक असलेल्या कुणालाही उघडता येईल असं तर ठेवलं नाहीये ना, तेपण आजच तपासा.

आणि एखादा प्रश्न येणारी पोरं 61 टक्क्यांवरून 64 वर गेली म्हणून पेढे वाटायची घाई नको. 36 मुलांच्या वर्गात एक मूल म्हणजेच जवळपास पावणेतीन टक्के, एका प्रश्नाला एका पोराचा तुक्का लागला तरी तेवढा फरक पडतो.

प्रश्न: निफाडकडची शाळा आहे आमची. द्राक्षाच्या हंगामात पेठ-सुरगाण्याकडून मजुरीला आलेल्या कुटुंबांची मुलं वर्गात येतात, मध्येच गायब होतात, आणि वर्गाची सरासरी खाली ओढतात. त्यांना शीटमधून वगळू का?

उत्तर: वगळू नका गुरुजी, वेगळं मोजा. प्रत्येक घटक कुठल्या दिवशी शिकवला ते तुमच्या टाचणात, म्हणजे रोजच्या पाठाच्या नोंदीत, आहेच, त्या दिवशी मूल हजर होतं का ते एका कॉलमला 1 किंवा 0 भरा. मग ॲव्हरेजइफने दोन सरासऱ्या काढा, हजर असलेल्यांची आणि नसलेल्यांची. हजर असलेल्यांचीपण कमी आली तर दोष शिकवण्यात शोधायचा, मजुरांच्या पोरांवर ढकलायचा नाही. नसलेल्यांचीच कमी आली तर ती पोरं कच्ची नाहीत, त्यांना तो घटक शिकवलाच गेलेला नाही. मग बाग उरकून ती कधी परततात ते पालकांना विचारा आणि त्या तीन-चार जणांना तेवढाच घटक मधल्या सुट्टीच्या आधी वेगळा बसवून द्या. आणि चाचणीलाच मूल नसेल तर शीटमध्ये त्याच्या मार्कांच्या जागी 0 नको, रिकामं राहू द्या.